वाशिमचं कॉलेज अमरावतीशी खेळतं, मग हिंगोलीशी का नाही?

वाशिम स्टेशनवरून पूर्णेकडे जाणारी गाडी पकडली की तासाभरात हिंगोली येतं. अंतर पन्नास किलोमीटरसुद्धा नाही. लग्नकार्य, बाजारहाट, दवाखाना, सोयरीक, सगळ्यासाठी इकडचे लोक तिकडे आणि तिकडचे इकडे येत-जात असतात. पण वाशिमच्या कॉलेजची कबड्डीची टीम आणि हिंगोलीच्या कॉलेजची टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत समोरासमोर आली, असं तुम्ही कधी ऐकलंय का?

ऐकणं शक्यच नाही. कारण वाशिमची पोरं खेळायला अमरावतीला जातात, जे सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. कधी मलकापूरला जातात, कधी वणीला. हिंगोलीची पोरं मात्र नांदेड, परभणी, लातूरच्या कॉलेजांशी खेळतात. घर शेजारी, पण मैदान वेगळं.

कुणाशी खेळायचं हे खेळाडू ठरवत नाहीत, प्रेक्षक तर नाहीतच. ते ठरतं गटावरून. आणि गट कोण पाडतं, कशासाठी पाडतं, यावर जुन्या लढती टिकणार की संपणार हे अवलंबून असतं. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत याच गोष्टीवरून रान पेटलंय. तिथं जाण्याआधी आपल्याकडचा मामला समजून घेऊ.

कॉलेजची टीम नेमकी कुठं खेळते?

आपल्याकडे कॉलेज कोणत्या विद्यापीठाला संलग्न आहे त्यावर सगळं चालतं. वाशिम जिल्ह्यातली पारंपरिक कॉलेजं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाखाली येतात. या विद्यापीठात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम असे पाच जिल्हे. या पाच जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी आपसात खेळायचं, त्यातून विद्यापीठाची टीम निवडायची. निवड झालेल्या खेळाडूला कलर कोट मिळतो आणि तो गावात आयुष्यभर ‘कलर होल्डर’ म्हणून ओळखला जातो. ही टीम पुढे भारतीय विद्यापीठ संघाच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत जाते आणि तिथून अखिल भारतीय स्पर्धेत.

हिंगोली मात्र नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात. म्हणजे वाशिम आणि हिंगोलीच्या दोन खेळाडूंची गाठ पडायची असेल तर एकाला अमरावती विद्यापीठाचा कलर मिळायला हवा, दुसऱ्याला नांदेडचा, आणि मग अश्वमेधसारख्या राज्यस्तरीय क्रीडा महोत्सवात किंवा पश्चिम विभागात दोन्ही विद्यापीठांचा ड्रॉ जुळायला हवा. तेव्हाही छातीवर नाव ‘अमरावती’ आणि ‘नांदेड’ असतं. वाशिम-हिंगोली कुठंच नसतं.

ही रेघ खेळासाठी ओढलेली नाही. तिचं मूळ शोधायचं तर १८५३ पर्यंत मागं जावं लागतं. त्या वर्षी निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. वाशिम वऱ्हाडात होतं, ते इंग्रजांकडे गेलं. हिंगोली हैदराबाद संस्थानात राहिलं, थेट १९४८ पर्यंत. दोघांचे कारभार वेगळे, कोर्ट-कचेऱ्या वेगळ्या, पुढे विद्यापीठंही वेगळी झाली. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झालं आणि वऱ्हाडातली कॉलेजं त्याच्याकडे गेली. हिंगोलीकडची कॉलेजं १९५८ नंतर औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाकडे आणि १९९४ नंतर नांदेडकडे.

आणि इथेच वाशिमच्या बाबतीत खरीखुरी गटबदली झाली. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठाचे दोन भाग होऊन अमरावती विद्यापीठ जन्माला आलं. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडायचं होतं. तोवर वऱ्हाडातलं कॉलेज आणि नागपूरचं कॉलेज एकाच स्पर्धेत होते. नागपूर म्हणजे मोठं शहर, जुन्या संस्था, पक्की मैदानं. तिथल्या टीमला हरवलं तर गावात मिरवणूक निघावी अशी गोष्ट. १९८३ नंतर ती संधी एका अधिसूचनेनं संपली.

गंमत म्हणजे याबद्दल फारशी ओरड झाली नाही. कारण विभाजनामागची कारणं लोकांना पटणारी होती. परीक्षेचे निकाल, मार्कशीट, पदवी, प्रत्येक कामासाठी नागपूरच्या चकरा मारायला लागायच्या, त्या वाचल्या. आपल्या भागाला आपलं विद्यापीठ मिळालं. शिवाय अमरावतीकडे खेळाची स्वतःची परंपरा होती. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आणि त्यांचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलेलं. त्यामुळे नागपूर गेलं तरी तगडा प्रतिस्पर्धी म्हणून अमरावती शहर होतंच. पुढे २०११ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीसाठी गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हाही नागपूरच्या वाट्याचे आणखी प्रतिस्पर्धी असेच कमी झाले.

दुसरं कारण जरा कडू आहे. आपल्याकडे कॉलेजच्या मॅचला प्रेक्षकच कमी. तिकीट नाही, टीव्ही नाही. जी लढत बघायलाच कुणी नव्हतं, ती बंद झाल्याचं दुःख कोण करणार?

अमेरिकेत उलटं आहे

तिथं कॉलेज फुटबॉल, म्हणजे बॉल हातात घेऊन पळायचा त्यांचा फुटबॉल, हा लाखभर लोक बसतील अशा स्टेडियममध्ये खेळला जातो. विद्यापीठांचे गट असतात, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. सीझनमधल्या बहुतेक मॅच आपल्याच कॉन्फरन्समधल्या टीमशी. हे गट सुरुवातीला भूगोलावरून पडले, कारण टीम रेल्वेनं आणि बसनं जायच्या. त्यामुळे शेजाऱ्यांशी दरवर्षी गाठ ठरलेली. शंभर-शंभर वर्षांच्या लढती अशाच तयार झाल्या.

मग टीव्ही आला आणि प्रक्षेपणाचे हक्क कॉन्फरन्सच्या नावानं विकले जाऊ लागले. ज्या कॉन्फरन्समध्ये मोठी नावं, तिला मोठा पैसा. ‘बिग टेन’ या कॉन्फरन्सनं २०२२ मध्ये केलेला करार सात वर्षांसाठी ७ अब्ज डॉलरहून जास्तीचा असल्याच्या बातम्या आल्या. साहजिकच ज्याला त्याला तिथं जायचं होतं. २०२४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’ या जुन्या कॉन्फरन्समधून बारापैकी दहा विद्यापीठं बाहेर पडली. मागं उरली फक्त ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं आता न्यू जर्सीच्या विद्यापीठासोबत एकाच गटात आहेत, म्हणजे देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विमानानं जाऊन खेळायचं.

यात जुन्या लढतींचं काय झालं?

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट ही एकाच राज्यातली दोन विद्यापीठं. १९१० पासून २०२३ पर्यंत दरवर्षी खेळली. दोन महायुद्धं आली आणि गेली, तरी खंड नाही. मग ओक्लाहोमानं कॉन्फरन्स बदलायचं ठरवलं आणि ४ नोव्हेंबर २०२३ ला शेवटची मॅच झाली. ओक्लाहोमा स्टेटनं ती २७-२४ अशी जिंकली. जाता जाता काढलेला राग म्हणा हवं तर.

टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचं तर आणखी विचित्र. २०११ च्या मॅचनंतर ए अँड एमनं दुसरा गट धरला आणि लढत थांबली. दोन्ही बाजूंनी अहंकार आडवा आला. २०२४ मध्ये टेक्सासही त्याच गटात गेलं आणि ३० नोव्हेंबरला तेरा वर्षांनी मॅच झाली. टेक्सास १७-७ नं जिंकलं. स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं. या तेरा वर्षांत एक अख्खी पिढी कॉलेजात येऊन, शिकून बाहेर पडली, जिनं ही मॅच कधी बघितलीच नव्हती. तरी गर्दी झाली, कारण घरात बापानं आणि आजोबांनी तिच्या गोष्टी सांगितल्या होत्या.

कॅन्सस आणि मिझुरी यांचंही तसंच. यांच्यातलं वैर मैदानाच्या आधीचं. १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून या दोन प्रदेशांच्या सीमेवर रक्त सांडलं होतं. फुटबॉलची पहिली मॅच १८९१ ची. मिझुरीनं गट बदलल्यावर २०११ नंतर ती बंद पडली आणि फुटबॉलमध्ये पुन्हा सुरू व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडलं.

काही जणांनी शहाणपण दाखवलं. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचे गट वेगळे झाले, तरी त्यांनी आपसात करार करून मॅच चालू ठेवली. पण नोव्हेंबरच्या शेवटी, सीझन संपताना होणारी ही मॅच २०२४ मध्ये सप्टेंबरमध्ये सरकली. दिवाळीचा फराळ पोळ्याला मिळाल्यासारखं. खायला मिळालं, पण ती चव नाही.

वाशिमची खरी टीम: विदर्भ

कॉलेजच्या मॅचला गर्दी नाही, हे मान्य. पण वाशिमच्या माणसाला जी टीम आपली वाटते अशी एक आहे, रणजीतली विदर्भाची. आणि तिच्या बाबतीत हा गटबदलीचा खेळ जवळजवळ अमेरिकेसारखाच झालाय.

इथंही तीच सीमारेषा आडवी येते बरं का. महाराष्ट्र राज्य एक, पण रणजीत टीम तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. वाशिमचा पोरगा चांगला खेळला तर विदर्भाकडून खेळतो, हिंगोलीचा महाराष्ट्राकडून.

१९५७-५८ पासून रणजीत झोनप्रमाणे लीग सुरू झाली. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र पश्चिम विभागात. विदर्भ मध्य विभागात, सोबत मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, राजस्थान आणि रेल्वे. दरवर्षी याच टीमशी गाठ. मुंबई-महाराष्ट्र किंवा मुंबई-बडोदा या मॅचना धार आली ती या ‘दरवर्षी’मुळे. गेल्या वर्षी कोण कुणाला आउट करून हसला होता हे दोन्ही बाजूंना पाठ असायचं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, त्यामुळे विदर्भ विरुद्ध मध्य प्रदेश ही एकेकाळच्या एकाच घरातल्या दोघांची मॅच होती.

२००२-०३ मध्ये बीसीसीआयनं झोन मोडले. एलिट आणि प्लेट असे दर्जानुसार दोन गट केले. मग त्यातही बदल. कधी सुपर लीग, कधी ए-बी-सी, कधी चार गट. २०१७-१८ चं उदाहरण बघा. मध्य विभागातल्या पाच जुन्या सोबत्यांपैकी रेल्वे आणि उत्तर प्रदेश ए गटात, राजस्थान बी मध्ये, मध्य प्रदेश सी मध्ये आणि विदर्भ डी मध्ये. विदर्भाच्या वाट्याला आले पंजाब, बंगाल, हिमाचल, गोवा, सेनादल आणि छत्तीसगड. मुंबई सी मध्ये, महाराष्ट्र ए मध्ये, म्हणजे तीही जुनी लढत त्या वर्षी लीगमध्ये नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१६-१७ ला, तर बोर्डानं सगळ्या मॅच त्रयस्थ मैदानांवर ठेवल्या होत्या. पिच आपल्या सोयीनं बनवू नये हा हेतू. पण दोन्ही टीमची माणसं तिसऱ्याच गावात खेळणार, तर बघायला येणार कोण? पुढच्याच सीझनला निर्णय मागं घेतला.

मग झोन मोडले हे वाईटच झालं का?

विदर्भाच्या माणसाला हे विचाराल तर उत्तर ‘नाही’ असं येईल, आणि त्याला कारण आहे. झोनची जवळपास साडेचार दशकं विदर्भानं एकदाही फायनल गाठली नाही. शेजारी ठरलेले, आणि बहुतेक वेळा मारही ठरलेला. लढत जुनी असली म्हणजे ती चुरशीची असतेच असं नाही. मुंबईनं १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं रणजी जिंकली, त्या काळात ‘पारंपरिक प्रतिस्पर्धी’ हा शब्द बाकीच्यांसाठी जरा मोठाच होता.

दर्जानुसार गट झाल्यावर विदर्भ बराच काळ प्लेटमध्ये, खालच्या पंगतीत होता. पण त्यातून वर यायला जिना होता. अकादमी उभी राहिली, बाहेरून वासिम जाफरसारखा खेळाडू आला, चंद्रकांत पंडित प्रशिक्षक झाले. आणि २०१७-१८ ला, ज्या वर्षी एकही जुना शेजारी गटात नव्हता, त्याच वर्षी विदर्भ पहिल्यांदा चॅम्पियन झाला. इंदूरच्या फायनलमध्ये रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक, समोर दिल्ली, आणि विजयी धावा जाफरच्या बॅटमधून. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा कप.

मग एक नवी लढत तयार झाली, जी जुन्या व्यवस्थेत लीगमध्ये होऊच शकत नव्हती. मार्च २०२४ मध्ये विदर्भानं सेमीफायनलला मध्य प्रदेशला ६२ रन्सनी हरवलं आणि वानखेडेवरच्या फायनलमध्ये मुंबईकडून १६९ रन्सनी हार पत्करली. पुढच्याच सीझनला नागपुरात सेमीफायनल, पुन्हा मुंबई. विदर्भ ८० रन्सनी जिंकला, नंतर केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर कपही घेतला. हर्ष दुबेनं त्या सीझनमध्ये ६९ विकेट घेऊन रणजीचा विक्रम केला.

मुंबईला हरवण्यात विदर्भाला मिळणारी मजा निव्वळ क्रिकेटची नाही, हे सांगायला नको. राजधानी गेली, अनुशेष राहिला, निधी पळवला, ही सगळी भांडणं त्या ८० रन्समध्ये होती. कॅन्सस-मिझुरीसारखंच, मैदानाबाहेरचा राग मैदानात आला की मॅचला आपोआप रंग चढतो.

हा रंग नेहमी चांगलाच असतो असंही नाही. मुंबईतली पंचरंगी स्पर्धा आठवून बघा. युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम आणि ‘द रेस्ट’ अशा टीम. १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी. या स्पर्धेला जी गर्दी व्हायची तिच्यापुढं नवी रणजी फिकी होती. पण गट धर्मावरून पाडलेले. गांधीजींनी १९४० मध्ये उघड नापसंती दाखवली, आणि १९४६ च्या सुरुवातीला ती स्पर्धा इतिहासजमा झाली. प्रेक्षकांचा उत्साह गेला, आणि तो गेला हे बरंच झालं. जुनी आणि गर्दीची आहे म्हणून प्रत्येक लढत जपावी, असं म्हणता येत नाही.

अडचण कुठं आहे?

तर मुंबई-विदर्भ ही लढत तयार झाली, पण ती टिकेल का हे कुणाच्या हातात नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५, दोन्ही वेळा ती बाद फेरीत झाली, कारण दोन्ही टीम तिथवर पोचल्या. लीगमध्ये त्यांचे गट वेगळे होते. २०१८-१९ ला मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ तिन्ही एकाच गटात होते. २०२३-२४ ला महाराष्ट्र आणि विदर्भ एका गटात, पुढच्या वर्षी परत वेगळे. त्याच २०२४-२५ ला मुंबई-महाराष्ट्र मात्र एकत्र. म्हणजे जुनी मॅच कधी दिसते, कधी गायब. चाहत्याला ‘पुढच्या वर्षी बघून घेऊ’ म्हणायची सोय नाही, कारण पुढच्या वर्षी ती मॅच असेल की नाही हेच माहीत नसतं.

दर्जानुसार गट आणि शेजाऱ्याची मॅच, दोन्ही एकत्र जमवता येतं. अमेरिकेच्या बिग टेननं अठरा विद्यापीठं भरताना सुद्धा मिशिगन विरुद्ध ओहायो स्टेट ही मॅच दरवर्षी होणारच, असं वेळापत्रकात लिहून ठेवलं. रणजीत असं राखीव काही नाही. गट कोणताही असो, महाराष्ट्रातल्या तीन टीमनी दरवर्षी एकमेकांशी एकदा खेळायचं, एवढा नियम करायला फार मोठा खर्च येणार नाही.

आणि मोडलेला गट परत जोडता येतो, हेही नुकतंच दिसलं. दुलीप ट्रॉफी १९६१-६२ पासून झोनची स्पर्धा म्हणून ओळखली जायची. २०२४ मध्ये तिथं ए, बी, सी, डी अशा टीम केल्या. नावं मोठी होती, पण ‘सी’ टीमसाठी टाळी कोण वाजवणार? २०२५ ला झोन परत आले. मध्य विभागानं फायनलमध्ये दक्षिण विभागाला हरवलं. कॅप्टन मध्य प्रदेशचा रजत पाटीदार, आणि त्या मॅचमध्ये १९४ रन्स काढणारा विदर्भाचा यश राठोड.

वाशिम-हिंगोलीचं म्हणाल तर दोन विद्यापीठांच्या हद्दी खेळासाठी बदलणार नाहीत, बदलायची गरजही नाही. पण हद्दीच्या दोन्ही बाजूंची पोरं खेळायची थांबलेली नाहीत. जत्रेतले, उत्सवातले कबड्डीचे खुले सामने बघा. तिथं संलग्नता कुणी विचारत नाही, बक्षिसाचा बोर्ड लागला की तालुक्या-तालुक्यातून टीम येतात आणि शेजारच्या गावाची टीम उतरली की रात्री अकरालाही रिंगण भरलेलं असतं. कॉलेजांना हेच करायचं असेल तर निमंत्रितांची स्पर्धा भरवायला दोन प्राचार्यांची पत्रं, दोन क्रीडा संचालकांची सहमती आणि एक तारीख लागते. जायला रेल्वे आहेच.